अंकीय अभिलेखशोधन

अंकीय अभिलेखशोधन : ऐतिहासिक पत्रे, दप्तरे, छायाचित्रे व शास्त्रीय संशोधनाची मूळ टिपणे यांच्या प्रतिमा संगणकीय स्वरूपात साठवून, त्यांच्या वर्णनसूचीच्या अथवा त्यांतील मजकुराच्या आधारे हवा तो अभिलेख शोधून काढण्याच्या पद्धतीस अंकीय अभिलेखशोधन असे म्हणतात. यात दोन घटक स्वतंत्रपणे लक्षात घ्यावे लागतात. पहिला घटक म्हणजे अभिलेखाची प्रतिमा. ती डोळ्यांनी वाचता येते; परंतु संगणकाच्या दृष्टीने ती केवळ काळ्यापांढऱ्या वा रंगीत ठिपक्यांची मांडणी असते. दुसरा घटक म्हणजे त्या प्रतिमेस जोडलेली शब्दरूप माहिती. लेखक, प्राप्तकर्ता, स्थळ, काळ, विषय, मूळ दप्तराचा क्रमांक इत्यादींची नोंद किंवा प्रत्यक्ष मजकुराचे लिप्यंतर हे या माहितीत मोडते. शोध लागतो तो बहुतांशी या दुसऱ्या घटकामुळे. ज्या पत्राची नोंद झाली नाही, ते पत्र प्रतिमारूपाने उपलब्ध असूनही शोधकाच्या दृष्टीने अनुपलब्धच राहते. म्हणून अंकीय अभिलेखशोधनाचा इतिहास हा यंत्रांच्या इतिहासाइतकाच सूची करणाऱ्या माणसांचाही इतिहास होय.

पूर्वपीठिका : महाराष्ट्रात ऐतिहासिक कागदपत्रांच्या शोधाची परंपरा संगणकाच्या पूर्वीची आहे. काशिनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक व विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८७८ मध्ये सुरू केलेले काव्येतिहास-संग्रह हे मासिक, वासुदेव वामन खरे यांचा ऐतिहासिक लेखसंग्रह आणि विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे मराठ्यांच्या इतिहासाची साधने या मालेतील बावीस खंड हे या परंपरेतील प्रमुख टप्पे होत. राजवाड्यांचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला. गावोगावी हिंडून, वाडे, माळे व देवघरे धुंडाळून त्यांनी दप्तरे मिळविली. पुढे १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली आणि खाजगी दप्तरांना एक स्थायी निवारा मिळाला.

सरकारी कागदपत्रांची परंपरा निराळी आहे. मुंबई इलाख्याचे अभिलेख कार्यालय १८२१ मध्ये स्थापन झाले. पेशवाईच्या अस्तानंतर पुण्यातील दप्तर ब्रिटिशांच्या ताब्यात आले. इनामांच्या चौकशीसाठी त्याचा मोठा उपयोग करण्यात आला व मुख्यतः त्याच गरजेपोटी ते जतन झाले. कापडी रुमालांत बांधलेल्या या कागदांची मांडणी इतिहासकाराच्या सोयीसाठी झालेली नव्हती. जमिनीचा हक्क कोणाचा आणि सारा किती, या प्रश्नांच्या उत्तरांसाठी ती झालेली होती. या दप्तरातून निवडलेल्या कागदांचे पंचेचाळीस खंड गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात प्रसिद्ध झाले. निवड म्हटली की वगळणे आलेच. संपादकाने महत्त्वाचे मानलेले राजकीय पत्र छापले गेले. एखाद्या खेड्याच्या जमाखर्चाचा कागद बहुधा रुमालातच राहिला.

भारत सरकारचे अभिलेख कार्यालय ११ मार्च १८९१ रोजी कलकत्त्यात स्थापन झाले. त्याचेच रूपांतर पुढे नवी दिल्ली येथील राष्ट्रीय अभिलेखागारात झाले. विसाव्या शतकाच्या मध्यापासून सूक्ष्मपटावर अभिलेखांच्या प्रती काढण्याची पद्धत रूढ झाली. त्यामुळे मूळ कागदाची हाताळणी कमी झाली, तरी शोधाची रीत बदलली नाही. सूची पाहून पटाचे वेटोळे मागवावे आणि ते एका टोकापासून फिरवीत जावे, असाच क्रम होता. संगणकीय जाळ्याच्या प्रसारानंतर ही स्थिती पालटली. राष्ट्रीय अभिलेखागाराने ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ २०१५ मध्ये खुले केले. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने आपल्या संग्रहातील दुर्मिळ ग्रंथ व नियतकालिके ‘ग्रंथसंजीवनी’ या नावाने अंकीय स्वरूपात उपलब्ध केली. परदेशांतही असे मोठे उपक्रम झाले. चार्ल्स डार्विनच्या पत्रव्यवहाराचे संपादन १९७४ मध्ये सुरू झाले. पंधरा हजारांहून अधिक पत्रांचा हा प्रकल्प तिसाव्या खंडासह २०२३ मध्ये पुरा झाला असून पत्रे जाळ्यावरही शोधता येतात. एका शास्त्रज्ञाच्या पत्रव्यवहारास जवळजवळ अर्धशतक लागले, ही गोष्ट अशा कामाच्या व्याप्तीची कल्पना येण्यास पुरेशी आहे.

जोगेश्वरी : एक उदाहरण : अंकीय शोधातील अडचणी तत्त्वतः सांगण्यापेक्षा एखाद्या ठिकाणाच्या आधारे सांगणे अधिक उपयुक्त ठरते. मुंबई उपनगरातील जोगेश्वरी हे त्या दृष्टीने बोधप्रद स्थळ होय. येथील शैव लेणे त्याच्या भव्यतेमुळे प्रसिद्ध आहे. वीस स्तंभांचा चौरस मंडप, त्याच्या मध्यभागी चारही बाजूंनी दारे असलेले गर्भगृह आणि लकुलीशाची शिल्पे ही त्याची वैशिष्ट्ये असून पाशुपत पंथाशी त्याचा संबंध जोडला जातो. योगेश्वरी अथवा जोगेश्वरी देवीची पूजा तेथे आजही चालू आहे. जेम्स फर्ग्युसन व जेम्स बर्जेस यांच्या भारतातील लेण्यांवरील १८८० च्या ग्रंथात या लेण्याचे वर्णन येते. त्या काळी ते आठव्या शतकाच्या सुमाराचे मानले जाई. पुढे वॉल्टर स्पिंक यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्याचा काळ सहाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत मागे नेला.

हे लेणे ज्या साष्टी बेटावर आहे, त्या बेटाची सत्ता वारंवार पालटली. १५३४ च्या वसईच्या तहाने हा प्रदेश गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे गेला. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे व साष्टी घेतली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. १७७४ च्या डिसेंबरमध्ये इंग्रजांनी ठाणे काबीज केले व १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. परिणामतः या परिसराचा लेखी इतिहास किमान चार ठिकाणी विभागला गेला आहे. पोर्तुगीज काळाचे कागद गोवा व लिस्बन येथे, मराठी अमलाचे पुण्यात, कंपनीच्या व पुढील इलाखा सरकारच्या कारभाराचे मुंबईत, तर त्यांपैकी कित्येकांच्या प्रती लंडनच्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. हे दप्तर १९८२ मध्ये ब्रिटिश ग्रंथालयाच्या ताब्यात आले. गोव्याच्या अभिलेखागाराची परंपरा तर १५९५ पर्यंत मागे जाते; इतिहासकार दियोगु दु कौतु हा त्याचा पहिला रक्षक होता. जोगेश्वरीच्या चार मैलांच्या परिसराचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास पोर्तुगीज, मराठी व इंग्रजी या तीन भाषा आणि रोमन, मोडी व देवनागरी या तीन लिप्या यांच्याशी सामना करावा लागतो. पूर्वी असा शोध घेणे एका व्यक्तीच्या आवाक्याबाहेरचे होते. अंकीय संग्रहांमुळे ते निदान कल्पनेच्या टप्प्यात आले आहे. मात्र त्यासाठी पुढील अडचणी ओलांडाव्या लागतात.

नावांचा प्रश्न : शोधपेटीत ‘जोगेश्वरी’ हा शब्द लिहून जेवढे सापडेल तेवढेच अस्तित्वात आहे, असे मानणे हे नवख्या शोधकाच्या फसगतीचे पहिले कारण होय. एकोणिसाव्या शतकातील लेखनात हे लेणे जवळच्या आंबोली गावाच्या नावानेही ओळखले जाई. इंग्रजी लेखनात ‘व’ या वर्णासाठी कधी व्ही, तर कधी डब्ल्यू वापरलेला आढळतो. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरातील लेखनपद्धती आजच्या लेखनाहून निराळी आहे. पोर्तुगीज लेखनात अनेक मराठी स्थळनामांच्या शेवटी अनुनासिक ध्वनी येतो. त्यामुळे वसईचे ‘बासाईं’ होते. एकाच नावाची पाच-सहा रूपे आधी कागदावर लिहून घ्यावीत आणि प्रत्येक रूपाने स्वतंत्र शोध घ्यावा, हे उत्तम.

याच्या उलट प्रकारची अडचणही तितकीच गंभीर आहे. तीत एका नावाची दोन स्थळे असतात. मुंबईजवळची साष्टी आणि गोव्यातील मडगावच्या परिसरातील साष्टी यांची नावे पोर्तुगीजांच्या लेखनात जवळजवळ एकच आहेत. १७३९ च्या प्रारंभी, वसईला वेढा पडत असतानाच, व्यंकटराव घोरपडे यांच्या फौजेने गोव्यातील साष्टीवर स्वारी केली. एकाच वर्षीच्या, एकाच युद्धातील पत्रांत ‘साष्टी’ हा शब्द आला, तर तो कोणत्या साष्टीविषयी आहे हे केवळ शब्दावरून कळत नाही. पत्र कोणी, कोठून व कोणास लिहिले हे पाहावे लागते. ‘ठाणे’ हा शब्द याहून फसवा आहे. मराठी कागदांत तो शहराचे नाव म्हणून येतो, त्याचप्रमाणे चौकीपहाऱ्याची जागा या सामान्य अर्थानेही येतो. यंत्र या दोहोंत भेद करीत नाही.

प्रशासकीय विभागांचे बदल हा या प्रश्नाचाच आणखी एक भाग होय. जोगेश्वरीचा परिसर ब्रिटिश अमदानीत ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यात होता. १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा निराळा काढण्यात आला. १९५० मध्ये महानगरपालिकेची हद्द पश्चिम रेल्वेच्या बाजूस जोगेश्वरीपर्यंत वाढविण्यात आली आणि १९५७ मध्ये ती दहिसरपर्यंत गेली. मध्यंतरी बृहन्मुंबई हा एकच जिल्हा होता. १ ऑक्टोबर १९९० रोजी मुंबई उपनगर जिल्हा पुन्हा अस्तित्वात आला. अभिलेख ज्या कार्यालयाने निर्माण केला, त्याच्याच नावाखाली तो ठेवला जातो. म्हणून १९१० मधील जमिनीचा कागद उपनगर जिल्ह्याच्या सूचीत शोधणे निष्फळ होय. तो ठाणे जिल्ह्याच्या कागदांत पाहिला पाहिजे.

लिपीचा प्रश्न : मराठी दप्तरांचा फार मोठा भाग मोडी लिपीत आहे. मोडी लिहिताना आधी ओळभर शिरोरेषा आखून, मग लेखणी शक्यतो न उचलता तिला अक्षरे जोडीत जाण्याची रीत होती. शब्दांमध्ये अंतर सोडले जात नसे आणि ऱ्हस्वदीर्घाचा भेदही बहुधा पाळला जात नसे. या गुणांमुळे लेखन जलद होई. परंतु हेच गुण यंत्रवाचनास प्रतिकूल आहेत. छापील देवनागरी मजकुराचे यंत्राद्वारे शब्दांत रूपांतर करण्याचे तंत्र बरेच पुढे गेले आहे. हस्तलिखिताच्या बाबतीत मात्र यंत्रास आधी मानवाने वाचलेल्या पानांचे नमुने पुरवावे लागतात आणि लेखक बदलला की वळणही बदलते. मोडीच्या वर्णांना युनिकोड या आंतरराष्ट्रीय वर्णसंकेतात २०१४ मध्ये स्थान मिळाले. यामुळे मोडी मजकूर मोडीतच साठविण्याची सोय झाली, परंतु वाचन त्याने आपोआप होत नाही. मोडी जाणणारी माणसे हाच आजही या व्यवहाराचा पाया आहे. कागद टिकला, प्रतिमाही निघाली आणि वाचणारा उरला नाही, तर त्या अभिलेखाचे जतन नाममात्रच ठरते.

कालगणनेचा प्रश्न : दिनांकावरून शोध घेणे सोपे वाटते, परंतु अठराव्या शतकातील कागदांबाबत ते तसे नाही. मराठी पत्रांत शालिवाहन शक, राज्याभिषेक शक, फसली, हिजरी व सुहूर सन यांपैकी एक वा अनेक गणना आढळतात. सुहूर सनाचा आकडा पुष्कळदा अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असतो. उदा., ‘तिसा सलासीन मया व अलफ’ म्हणजे ११३९. त्यात ५९९ वा ६०० मिळवले असता इसवी सन येतो. म्हणजे १७३८–३९ हे वर्ष होय. याच वर्षाच्या अखेरीस, मे १७३९ मध्ये, वसई पडली. त्या वेळी शालिवाहन शक १६६१ चालू होता. यात भर म्हणजे पोर्तुगीजांनी ग्रेगरियन पंचांग सोळाव्या शतकातच स्वीकारले होते, तर इंग्रजांनी ते १७५२ मध्ये स्वीकारले. तोवर मुंबईच्या इंग्रजी पत्रांतील तारीख पोर्तुगीज पत्रांतील तारखेच्या अकरा दिवस मागे असे आणि इंग्रजांचे वर्ष २५ मार्चला सुरू होई. एकाच घटनेची तीन दरबारांतील पत्रे जुळवून पाहताना हा फरक दुर्लक्षिला, तर कारण आणि परिणाम यांचा क्रमच उलटा होण्याचा संभव असतो. उत्तर आधी आणि प्रश्न मागाहून, असे पत्रव्यवहाराचे चमत्कारिक चित्र त्यातून उभे राहते.

छायाचित्रे : छायाचित्रात शब्द नसतात, त्यामुळे त्याचा शोध सर्वस्वी वर्णनावर अवलंबून असतो. मुंबईत छायाचित्रणाची सुरुवात लवकर झाली. १८५४ मध्ये येथे छायाचित्रण संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सभासदांपैकी एक कुशल छायाचित्रकार होते. १८५५ पासून मुंबई सरकारने कॅप्टन बिग्ज याच्याकडून विजापूर व इतर ठिकाणच्या वास्तूंची छायाचित्रे काढविली. पुढे पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कामात छायाचित्र हे नोंदीचे नित्याचे साधन बनले. अशा चित्राखाली ‘साष्टीतील लेणे’ एवढीच ओळ असेल, तर ते जोगेश्वरीचे, मंडपेश्वरचे, महाकालीचे की कान्हेरीचे, हे स्तंभांची घडण व शिल्पांची मांडणी पाहूनच ठरवावे लागते. काचेच्या ऋणपत्रावरून उलटी प्रत निघाल्यास डावेउजवे बदलते. चित्र काढल्याचे वर्ष आणि प्रत काढल्याचे वर्ष यांत पुष्कळ अंतर असू शकते. प्रतिमेवरून सदृश प्रतिमा शोधणारी यंत्रे आता उपलब्ध आहेत. तथापि सादृश्य म्हणजे ओळख नव्हे.

या बाबीस केवळ अभ्यासकीय महत्त्व नाही. जोगेश्वरीचे लेणे दाट वस्तीने वेढलेले असून सांडपाणी व पाझर यांपासून त्याचे रक्षण हा सततचा प्रश्न आहे. संरक्षित स्मारकाभोवतीचे शंभर मीटरचे क्षेत्र प्रतिबंधित व त्यापलीकडील दोनशे मीटरचे नियंत्रित, असा नियम १९९२ मध्ये झाला आणि २०१० च्या कायद्याने तो अधिक पक्का करण्यात आला. अशा क्षेत्रात एखादे घर कधीपासून आहे, लेण्याचे प्रवेशद्वार पूर्वी कसे होते, पाण्याचा निचरा कोणत्या दिशेने होई, या प्रश्नांची उत्तरे जुनी छायाचित्रे, नकाशे व महसुली कागद यांतूनच मिळू शकतात. एका बाजूस दीड हजार वर्षांचे शिल्प आणि दुसऱ्या बाजूस कुटुंबाचे छप्पर, अशा वादात अभिलेख सापडणे वा न सापडणे यावर दोन्ही बाजूंचे भवितव्य काही अंशी अवलंबून असते. ज्याला शोध घेता येतो त्याचा पुरावा पुढे येतो. ज्याला येत नाही त्याचा हक्क खरा असूनही अनेकदा मुका राहतो.

शास्त्रीय अभिलेख : शास्त्रीय संशोधनाची जुनी टिपणे केवळ विज्ञानाच्या इतिहासासाठीच उपयोगी पडतात असे नाही, ती नव्या संशोधनाची सामग्रीही ठरतात. मुंबईतील कुलाबा वेधशाळेचे उदाहरण या बाबतीत प्रसिद्ध आहे. ही वेधशाळा १८२६ मध्ये स्थापन झाली आणि १८४१ पासून तेथे भूचुंबकीय निरीक्षणे होऊ लागली. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन याने सूर्यावर तेजाचा तीव्र उद्रेक पाहिला. त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ झाले. अनेक देशांत तारायंत्रे बिघडली. त्या वादळाची नोंद कुलाब्याच्या निरीक्षकांनी आपल्या वहीत केली.

या नोंदींचे मोल सुमारे एकशे चव्वेचाळीस वर्षांनी कळून आले. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्षसिंग लखिना व त्यांचे सहकारी यांनी कुलाब्याच्या आकड्यांच्या आधारे दाखविले, की त्या वेळी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षैतिज घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने घटला होता. कुलाबा हे कमी अक्षांशावरील ठिकाण असल्याने या नोंदीस विशेष महत्त्व आहे. नंतरच्या काही अभ्यासकांनी तासाच्या सरासरीचा निकष लावून वादळाची तीव्रता यापेक्षा कमी ठरविली. हा मतभेदही उद्बोधक आहे. कारण दोन्ही पक्षांचा आधार तीच जुनी वही आहे. वीजवाहिन्या, कृत्रिम उपग्रह व दूरसंदेशवहन यांना अशा वादळापासून किती धोका संभवतो, याचा अंदाज करताना हे आकडे आज वापरले जातात.

या नोंदी टिकल्या याचे श्रेय योगायोगास नसून शिस्तीस आहे. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी १८४६ ते १९०५ या काळातील कुलाब्याची भूचुंबकीय सामग्री संकलित करून १९१० मध्ये प्रसिद्ध केली. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या सुरू व्हावयाच्या होत्या. त्यांच्या प्रवाहाने उपकरणे बाधित होतील हे ओळखून अलिबाग येथे नवी वेधशाळा उभारण्यात आली आणि १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी निरीक्षणे घेण्यात आली. त्यामुळे जुनी व नवी मालिका एकमेकींशी जोडता येते. अंकीय संग्रहात असे आकडे भरताना उपकरण कोणते, एकक कोणते, वेळ स्थानिक की प्रमाण, ही माहिती वगळली, तर आकडा शुद्ध उरूनही निरर्थक होतो.

शास्त्रज्ञांचा पत्रव्यवहार हा याचाच दुसरा भाग. होमी भाभा यांनी १२ मार्च १९४४ रोजी सर दोराबजी टाटा न्यासास लिहिलेल्या पत्रातून टाटा मूलभूत संशोधन संस्थेची कल्पना पुढे आली व १९४५ मध्ये ती संस्था स्थापन झाली. या संस्थेने आपले स्वतःचे अभिलेखागार ठेवले असून त्यात भाभांची पत्रे व संस्थेची छायाचित्रे जपली आहेत. प्रसिद्ध झालेला शोधनिबंध हा निष्कर्ष सांगतो; निष्कर्षाप्रत नेणाऱ्या शंका, चुकलेले प्रयोग, पैशाची ओढाताण व माणसांची निवड या गोष्टी पत्रांतूनच कळतात.

शोधाची पद्धती : अंकीय शोधाचे मूल्यमापन सामान्यतः दोन कसोट्यांनी करतात. सापडलेल्या नोंदींपैकी उपयुक्त नोंदी किती, ही अचूकतेची कसोटी. आणि संग्रहातील एकूण उपयुक्त नोंदींपैकी सापडल्या किती, ही परिपूर्णतेची कसोटी. शब्द नेमका केला की अचूकता वाढते, पण परिपूर्णता बहुधा घटते. शब्द व्यापक केला की याच्या उलट घडते. इतिहासाच्या अभ्यासात प्रारंभी परिपूर्णतेकडे व नंतर अचूकतेकडे झुकणे हितावह असते. स्थळनामांची पर्यायी रूपे, तत्कालीन हुद्दे, घटनेशी संबंधित व्यक्ती आणि कागद निर्माण करणारे कार्यालय यांची यादी करून क्रमाने शोध घ्यावा. एखादे उपयुक्त पत्र सापडल्यावर तेथेच न थांबता त्याच रुमालातील वा त्याच बस्त्यातील मागचेपुढचे कागद पाहावेत.

या शेवटच्या सूचनेमागे अभिलेखशास्त्राचे एक मूलभूत तत्त्व आहे. एका कार्यालयात निर्माण झालेले कागद एकत्रच ठेवावेत, हे तत्त्व १८४१ मध्ये फ्रान्समध्ये मान्य झाले आणि १८९८ मध्ये तीन डच अभिलेखपालांनी लिहिलेल्या मार्गदर्शक ग्रंथाने सर्वत्र रूढ केले. शोधयंत्र नेमके याच्या विरुद्ध वागते. ते एकेक पत्र त्याच्या सोबत्यांपासून तोडून वाचकापुढे ठेवते. तक्रारीचे पत्र दिसते, पण त्याखालच्या कागदावर असलेले तिचे उत्तर दिसत नाही. म्हणून सापडलेल्या प्रत्येक अभिलेखाचा दप्तर, रुमाल व क्रमांक टिपून ठेवणे हे शोधकाचे कर्तव्य ठरते.

मर्यादा व धोके : अंकीय संग्रहात एखादी गोष्ट न सापडणे, हा ती घडली नसल्याचा पुरावा होऊ शकत नाही. कोणते दप्तर आधी अंकीय करावे, कोणत्या भाषेत सूची करावी, कोणती नावे नोंदवावीत, हे निर्णय माणसे व संस्था घेतात. इंग्रजी कागद मोडीपेक्षा, छापील मजकूर हस्तलिखितापेक्षा आणि राजधानीतील व्यवहार खेड्यातील व्यवहारापेक्षा लवकर शोधयोग्य होतो. सूचीत कलेक्टरचे नाव येते. ज्या कुळांविषयी त्याने लिहिले त्यांची नावे येतीलच असे नाही. जुन्या सत्तेने केलेली निवड नव्या यंत्रात अशा रीतीने नकळत पुढे चालू राहते. हे टाळण्यासाठी स्थानिक अभ्यासक, मोडीचे जाणकार व गावकरी यांच्या साहाय्याने सूचीत भर घालण्याची सोय असणे आवश्यक आहे.

दुसरा धोका टिकाऊपणाचा आहे. कागद शंभर वर्षे कपाटात पडून राहिला, तरी वाचता येतो. अंकीय प्रतीस मात्र वीज, यंत्र, प्रणाली व सततची देखभाल लागते. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश ग्रंथालयाच्या संगणकव्यवस्थेवर झालेल्या हल्ल्यामुळे त्याच्या सूची व अंकीय संग्रह दीर्घकाळ उपलब्ध नव्हते. साष्टीचा इतिहास अभ्यासणाऱ्या मुंबईतील वाचकासही त्याची झळ पोहोचली, कारण त्याच्या गावाच्या प्रतिमा लंडनच्या यंत्रांत होत्या. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. अंकीय प्रतीमुळे मूळ कागद नष्ट करण्याची मुभा मिळत नाही आणि एकाच ठिकाणी ठेवलेली प्रत पुरेशी नसते. भारतात १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख अधिनियमाने केंद्रीय अभिलेखांच्या जतनाची जबाबदारी संबंधित कार्यालयांवर टाकली आहे. ती जबाबदारी अंकीय प्रतींनाही तितक्याच कसोशीने लागू करणे अगत्याचे आहे.

राजवाड्यांच्या काळी कागद शोधण्यासाठी पायपीट करावी लागे आणि कागद हाती आला की वाचनाची अडचण नसे. आज परिस्थिती बरीचशी उलट आहे. प्रतिमा क्षणात समोर येते. पण तिच्यातील लिपी, तिचा सन, तिचे गाव व तिचे दप्तर ओळखण्याची विद्या दुर्मिळ होत आहे. अंकीय अभिलेखशोधनाने पायपीट वाचविली, परंतु ही विद्या वाचविण्याचे काम यंत्रावर सोपविता येणार नाही. ते शाळा-महाविद्यालयांतील मोडीच्या अध्यापनावर, अभिलेखागारांतील सूचीकारांच्या कष्टांवर आणि आपल्या परिसराचा इतिहास जाणून घेऊ इच्छिणाऱ्या सामान्य वाचकाच्या चिकाटीवरच अवलंबून राहील.